‘लीव्ह’ म्हणजे ठेवणं की निघणं? एका क्रियापदाची उकल

अक्षरवेल

इंग्रजीतलं ‘लीव्ह’ शाळेत शिकवतात ते ‘सोडणे, निघणे’ एवढ्या अर्थानं. पण ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा.

‘ही लेफ्ट द हाउस.’ तो घराबाहेर पडला.
‘ही लेफ्ट द हाउस टु हिज सन.’ त्यानं घर मुलाच्या नावे ठेवलं.

पहिल्या वाक्यात माणूस हलला, घर जागेवर. दुसऱ्यात माणूस जगातूनच गेला आणि घर मुलाकडे राहिलं. ‘फाइव्ह मायनस टू लीव्ह्ज थ्री’ यात तर कुणी कुठे जात नाही, नुसतं उरतं. ‘लीव्ह द डोअर ओपन’ म्हणजे दार आहे तसं राहू दे. ‘जाणे’ हा मूळ अर्थ धरला तर पहिलं सोडून एकही वाक्य सरळ लागत नाही. ‘राहू देणे’ धरला तर चारही लागतात.

इतिहासाचा कौलही तिकडेच आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचं रूप साधारण ‘लॅव्हन’ होतं, पहिला स्वर लांब. अर्थ होते मागे राहू देणं, मागे ठेवणं, वारशानं देणं. ‘निघून जाणं’ हा अर्थ तेराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतो. आज आपल्याला सगळ्यांत आधी आठवणारा अर्थ वयानं धाकटा आहे.

आणखी मागे गेलं की जर्मानिक भाषांचं, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच यांच्या कुळाचं, सामायिक रूप लागतं, ‘लाइबियन’. हे प्रयोजक क्रियापद आहे, म्हणजे क्रिया घडवून आणणं सांगणारं. साध्या क्रियापदाचा अर्थ होता ‘राहणं, उरणं’, आणि ते ‘बे’ उपसर्गासह जर्मनमध्ये ‘ब्लाइबन’ म्हणून आजही रोजच्या वापरात आहे. इंग्रजीतही ‘बेलीव्हन’ होतं, पण ते लोपलं. राहणारं क्रियापद गेलं, राहू देणारं टिकलं. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे, सुटणे-सोडणे या जोड्या आहेत तशीच ही जोडी होती. इंग्रजीत सिट-सेट, फॉल-फेल (झाड पाडणे) अशा थोड्या जोड्या अजून शिल्लक आहेत.

त्याच्याही मागचा भारोपीय (संस्कृत, ग्रीक, इंग्रजी यांच्या सामायिक पूर्वज भाषेतला) धातू आहे ‘लेय्प्’, म्हणजे चिकटणं, माखणं. संस्कृतातला लिप् तो हाच. आपले लेप, लिंपणे, विलेपन, लिप्त, अलिप्त सगळे त्याचे. प्रयोजक करायचं जुनं सूत्र असं, की धातूतला ‘ए’ बदलून ‘ओ’ करायचा आणि पुढे ‘एये’ लावायचं. लेय्प् पासून झालं लोय्पेयेति. संस्कृतच्या ध्वनिनियमांनी त्याचं लेपयति होतं, जर्मानिकच्या नियमांनी लाइबियन. म्हणजे ‘लीव्ह’ आणि ‘लेपयति’ यांचा केवळ धातू एक नाही, अख्खा साचा एक आहे.

अर्थाची वाट अशी: चिकटणं, चिकटून राहणं, राहणं, राहू देणं, आपण पुढे जाताना मागे राहू देणं, आणि मग नुसतं पुढे जाणं. मधलं ‘उरणं’ कल्पनेतलं नाही. मध्य आशियातल्या तोखारी भाषेत याच धातूचा अर्थ ‘शिल्लक राहणं’ असा मिळतो.

रजेचा लीव्ह, कोर्टातला लीव्ह आणि भाषांतरात होणारे घोटाळे यावर जाणकारांनी लिहावं.

रुजवात

‘मागे ठेवणं’ ते ‘निघणं’ हा सांधा जवळून बघण्यासारखा आहे. वाक्याचे तुकडे एकेक करून गळत गेले.

‘त्यानं घोडा धर्मशाळेत लेफ्ट केला’ असं वाक्य घ्या. यात ठेवणंही आहे आणि जाणंही आहे, कारण घोडा धर्मशाळेत राहायचा तर माणूस तिथून हलायलाच हवा. पहिल्यांदा स्थळाचा तुकडा गळाला आणि उरलं ‘घोडा लेफ्ट केला’, म्हणजे घोड्यापासून दूर गेला. मग घोड्याच्या जागी ठिकाण आलं: ‘गाव लेफ्ट केलं’. गाव काही कुणी मागे ‘ठेवत’ नाही, ते असतंच तिथे. तेव्हा वाक्याचं सगळं वजन जाण्यावर गेलं. शेवटी कर्मही गळालं आणि नुसतं ‘ही लेफ्ट’ उरलं.

आपलं ‘सोडणे’ याच वाटेवर अर्धं चाललं. गाठ सोडली, हात सोडला, गाव सोडलं. पण शेवटची पायरी मराठीनं ओलांडली नाही. ‘त्यानं सोडलं’ एवढ्यावर वाक्य थांबलं तर ऐकणारा विचारणारच, ‘काय सोडलं?’ कर्माशिवाय जाणं सांगायचं तर मराठीला दुसरं क्रियापद लागतं, आणि तेही कोण जातंय त्यावर ठरतं. माणूस निघतो, गाडी सुटते. ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सेव्हन’चं ‘गाडी सातला निघते’ हे चुकीचं नाही, पण फलाटावरचा माणूस ‘सुटते’च म्हणेल.

सुटणे-सोडणे यांना हिंदीत छूटना-छोड़ना म्हणतात. प्राकृतातल्या छ चा मराठीत स होतो, हा नियम इथे स्वच्छ दिसतो. छुरी-सुरी, पूछना-पुसणे, मछली-मासळी या त्याच रांगेतल्या जोड्या.

इंग्रजीत अर्थ किती पालटला ते ब्रिटनच्या २०१६ च्या सार्वमताच्या मतपत्रिकेवर दिसतं. तिथे ‘रिमेन’ आणि ‘लीव्ह’ हे दोन विरुद्ध पर्याय होते, आणि ज्या शब्दाचा मूळ अर्थ ‘राहू देणं’ तो राहण्याच्या विरोधात उभा होता.

मधलीआळी

ग्रीकमध्ये ‘लेइपेइन’ म्हणजे सोडणं, मागे टाकणं. एक्लिप्स, एलिप्सिस त्यातूनच आले. अर्थ तोच, ‘ले’ तोच, ‘प’ही आहे. मग लीव्ह त्याचा सख्खा भाऊ नव्हे का? आणि ‘लिपी’ पण लिप् मधलीच ना?

अक्षरवेल

दोन्ही ठिकाणी दिसणं फसवं आहे.

लेइपेइनमधला ‘प’ मूळचा ‘प’ नाही, तो ‘क्व’ आहे. ग्रीकमध्ये काही जागी क्व चा प होतो. ताडून बघायचं तर लॅटिनकडे जायचं, तिथे क्व तसाच राहतो. लॅटिन रूप आहे ‘लिंक्वेरे’, आणि त्यावरून इंग्रजीत रेलिंक्विश, रेलिक, डेरेलिक्ट हे शब्द गेले. संस्कृतात हा धातू रिच्. म्हणजे ग्रीक लेइपेइनची मराठी भावंडं रिक्त, अतिरिक्त, अतिरेक, प्राणायामातला रेचक, आणि रिक्त चं प्राकृतात रित्त होऊन आलेला आपला घरगुती रिता. रिता हंडा म्हणजे ज्यातलं सगळं सोडून गेलंय तो.

जर्मानिकमध्ये क्व चा प किंवा ब होत नाही, ‘ह्व’ होतो. त्या वाटेनं आलेलं जर्मन क्रियापद ‘लाइएन’, अर्थ उसनं देणं. इंग्रजीतले लेंड आणि लोन याच घरातले. उसनं देणं म्हणजे आपल्या हातातून सोडणं. तेव्हा नाती अशी: लीव्ह आणि लेप एका घरचे, लोन आणि रिता दुसऱ्या घरचे. अर्थ जवळचा दिसला म्हणून नातं जोडायचं नाही. आधी व्यंजनं जुळतात का ते बघायचं.

लिपीचं म्हणाल तर परंपरेत ती लिप् वरून सांगतात. पण अशोकाच्या शाहबाजगढी आणि मानसेरा इथल्या लेखांत ‘दिपि’ असा शब्द आहे आणि तो जुन्या फारसी ‘दिपि’शी जुळतो. शब्द पश्चिमेकडून आला आणि इथे लिप् च्या सावलीत ‘लिपि’ झाला, हे जास्त पटतं.

गोठण

लिप् च्या घरातली दोन माणसं राहिली: लाइफ आणि लिव्ह (जगणं, राहणं). दोघांचा मूळ अर्थ टिकून राहणं. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये, कारण आपलं ‘राहणे’ नेमकं असंच आहे. ‘मी साताऱ्यात राहतो’ आणि ‘छत्री बसमध्ये राहिली’ ही एकाच क्रियापदाची वाक्यं. इंग्रजीत पहिल्याला लिव्ह, दुसऱ्याला लीव्ह. आणि तिथेही दोन्ही एकाच मुळाची.

नॉर्वे-डेन्मार्ककडचं ओलाफ हे नावही इथलंच. पहिला भाग ‘पूर्वज’, दुसरा ‘मागे उरलेला’. पूर्वजांनी मागे ठेवलेला, म्हणजे वंशज.

इलेव्हन आणि ट्वेल्व्ह यांतही ‘उरलेला’ आहे. दहा मोजून झाल्यावर एक उरला तो इलेव्हन, दोन उरले ते ट्वेल्व्ह. शेवटचा तुकडा लिप् चा की रिच् चा यावर मात्र दोन मतं आहेत. लिथुआनियन भाषेत अकरा ते एकोणीस या सगळ्या संख्यांना ‘लिका’ लागतं आणि ते स्पष्टपणे रिच् च्या घरातलं आहे. म्हणून बरेच जण इंग्रजी शब्दही तिकडे लावतात. आपले अकरा-बारा एकादश-द्वादश वरून आले, त्यांत उरणं नाही, बेरीज आहे. वजाबाकी करताना मात्र आपण ‘पाचातून दोन गेले, उरले तीन’ म्हणतो. लीव्हचे दोन्ही अर्थ त्या एका ओळीत आहेत.

पायवाट

आता रजेचा लीव्ह. हा वेगळाच शब्द आहे. उच्चार आणि स्पेलिंग आज एक झालं एवढंच. लिप् शी याचा काही संबंध नाही.

जुन्या इंग्रजीत हे नाम ‘लेआफ’ असं होतं, अर्थ परवानगी, संमती. जर्मानिक मूळ ‘लाउब’ आणि भारोपीय धातू ‘लेउभ्’, म्हणजे आवडणं, हवंसं वाटणं. संस्कृतात लुभ्, त्याचे लोभ, लुब्ध, लोभस, प्रलोभन. इंग्रजीत याच घरचा लव्ह. आणि बिलीव्हही, त्यातला ‘लीव्ह’ हा हाच. ज्याच्यावर मन बसलं त्याच्यावर विश्वास ठेवला. जर्मनमध्ये एरलाउबन म्हणजे परवानगी देणं, ग्लाउबन म्हणजे विश्वास ठेवणं आणि उरलाउब म्हणजे रजा. आवडणं, मान्य असणं, परवानगी देणं, आणि कामावरून दूर राहायची परवानगी, अशी ही वाट.

मराठीत लोभ म्हटलं की आधी हाव आठवते. पण पत्राच्या शेवटी आपण ‘लोभ असावा, ही विनंती’ लिहितो तेव्हा जुना प्रेमाचा अर्थ जिवंत असतो. इंग्रज निरोप घेताना ‘टेक लीव्ह’ करतो, आपण पत्राचा निरोप घेताना ‘लोभ असावा’ म्हणतो. एकाच धातूची दोन टोकं.

याहून मोठी गंमत ‘रजा’ या शब्दात आहे. तो अरबीतून फारसीमार्गे आला, मूळ ‘रिझा’, अर्थ संमती, मर्जी. म्हणजे लीव्ह आणि रजा या दोन अनोळखी शब्दांनी संमती ते कामावरची अनुपस्थिती हा सारखाच प्रवास केला. ‘रजा घेतो’ म्हणजे निरोप घेतो, आणि ‘दोन दिवसांची रजा घेतली’ म्हणजे सुट्टी. इंग्रजीतही तेच दोन अर्थ. हिंदीत मात्र रज़ा म्हणजे अजून मर्जीच, कामावरच्या रजेला ते छुट्टी म्हणतात.

म्हणूनच रजा आणि सुट्टी यांची गल्लत करू नये. सुट्टी ‘सुटणे’ वरून आली. काम सगळ्यांचंच सुटतं, रविवार, दिवाळी. रजा एकट्याची, आणि ती कुणीतरी मंजूर करावी लागते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये रजा हक्क म्हणून मागता येणार नाही असं स्पष्ट म्हटलंय. ते कडक वाटतं, पण शब्दाचा अर्थच परवानगी आहे. ‘अर्न्ड लीव्ह’साठी अर्जित रजा, ‘कॅज्युअल’साठी नैमित्तिक, ‘कम्युटेड’साठी परिवर्तित, ‘लीव्ह नॉट ड्यू’साठी अनर्जित हे शब्द ठरलेले आहेत, तेच वापरावेत. ‘कॅज्युअल लीव्ह’चं ‘अनौपचारिक रजा’ असं भाषांतर करतात, ते चूक आहे.

फर्लो (कैद्याला मिळणारी रजा) हा शब्दही याच घरातला, डच ‘फरलॉफ’ वरून, त्यातला ‘लॉफ’ म्हणजे हाच लीव्ह. त्यामुळे ‘फर्लो रजा’ म्हणजे ‘रजा रजा’. महाराष्ट्राच्या तुरुंग प्रशासनात फर्लोला संचित रजा आणि पॅरोलला अभिवचन रजा असे नेमके शब्द आहेत, पण बातम्यांत ते फार क्वचित दिसतात.

कोर्टकचेरी

पायवाट यांनी सांगितलेली परवानगी कायद्यात पावलोपावली भेटते, आणि तिथे अर्थ चुकला तर नुसतं हसं होत नाही, पैसे जातात.

‘लीव्ह अँड लायसन्स’ पासून सुरुवात करू. यातला लीव्ह म्हणजे ‘मुदत संपली की घर सोडा’ असं बरेच जण समजतात. तसं नाही. लीव्ह म्हणजे परवानगी आणि लायसन्स म्हणजेही परवानगी. एक शब्द देशी इंग्रजी, दुसरा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. इंग्रजी कायद्याला अशी जोडशब्दांची सवय आहे, ‘विल अँड टेस्टामेंट’ तसंच. आपल्याकडेही ‘कागदपत्र’, ‘साक्षीपुरावा’ आहेत.

या परवानगीचा अर्थ भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे. दुसऱ्याच्या स्थावर मालमत्तेत असं काही करण्याचा हक्क, जो दिला नसता तर ते कृत्य बेकायदा ठरलं असतं, आणि ज्यानं मालमत्तेत हितसंबंध तयार होत नाही. भाडेपट्ट्यात हितसंबंध हस्तांतरित होतो, इथे होत नाही. सगळा फरक तिथे आहे. परवानाधारक राहतो तो मालकाच्या संमतीवर.

व्यवहारात चुका कुठे होतात तेही लिहितो. ‘करार ११ महिन्यांचा आहे, नोंदणी नको’ हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून जड परिणाम वेगळाच आहे: नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि निवासी जागेचा परवानाधारक मुदत संपूनही हलला नाही तर कलम २४ खाली त्याला परवाना शुल्काच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई द्यावी लागू शकते.

दुसरं, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाची पहिली ओळ पुष्कळदा ‘लीव्ह ग्रँटेड’ अशी असते. याचा अर्थ अपील करायची परवानगी मिळाली. घटनेच्या अनुच्छेद १३६ खाली आधी विशेष अनुमती याचिका करावी लागते. अनुमती मिळाली की तिचं अपिलात रूपांतर होतं. म्हणून ‘अपील मंजूर’ असं भाषांतर करू नये. अपील अजून चालायचं आहे.

तिसरं, सारांश दाव्यात (झटपट चालवायच्या पैशांच्या दाव्यात) ‘लीव्ह टु डिफेंड’, म्हणजे बचाव मांडण्याची परवानगी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली निकालासाठीचं समन्स बजावल्यापासून १० दिवसांत ती मागायची असते. शब्द वाचून ‘बचाव सोडला’ असा अर्थ कुणी केला तर अर्थ थेट उलटा होतो.

मधलीआळी

मग ‘शाळा सोडल्याचा दाखला’? लीव्हिंग सर्टिफिकेट?

कोर्टकचेरी

तो लिप् चा, क्रियापदाचा. ओळखायची खूण सोपी आहे. लीव्ह नाम म्हणून आला तर परवानगी किंवा रजा: ऑन लीव्ह, लीव्ह ऑफ कोर्ट, बाय युअर लीव्ह. क्रियापद म्हणून आला तर राहू देणं किंवा जाणं. ‘लीव्हिंग’ क्रियापदावरून झालंय, तेव्हा दाखल्याचं मराठी अगदी बरोबर आहे.

खडूफळा

शिकवताना आणि भाषांतर तपासताना हमखास सापडणाऱ्या चुका लिहितो.

सगळ्यांत जास्त गोंधळ ‘आर लेफ्ट’ आणि ‘हॅव लेफ्ट’ यांचा. ‘हाउ मेनी आर लेफ्ट?’ म्हणजे किती उरले. ‘हाउ मेनी हॅव लेफ्ट?’ म्हणजे किती गेले. एका साहाय्यक क्रियापदानं उत्तर उलटं होतं. वीस जणांतले पाच गेले असतील तर पहिल्याचं उत्तर पंधरा, दुसऱ्याचं पाच. कारण अक्षरवेल यांनी दिलंच आहे. पहिलं कर्मणी आहे, ‘राहू दिलेले’, तिथे जुना अर्थ शाबूत राहिला. दुसरं कर्तरी, तिथे नवा अर्थ बसला.

मग शब्दयोगी. गाव किंवा नोकरी सोडली तर मध्ये काहीही लागत नाही: ‘लेफ्ट पुणे’, ‘लेफ्ट द जॉब’. मराठीत ‘पुण्याहून निघालो’ असतं म्हणून आपण ‘फ्रॉम’ घालतो. ‘फ्रॉम’ चालतो तो सुटण्याची जागा सांगायची तेव्हा: ‘द बस लीव्ह्ज फ्रॉम स्वारगेट’. जिथे जायचं त्याला ‘फॉर’. ‘लेफ्ट टु मुंबई’ चुकीचं, कारण ‘टु’ लागला की ‘च्या हवाली केलं’ असा अर्थ येऊ पाहतो. ‘लीव्ह इट टु मी’ म्हणजे माझ्यावर सोडा.

‘मला स्टेशनवर सोड’ याला ‘लीव्ह मी ॲट द स्टेशन’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ‘मला तिथे टाकून जा’ असं वाटू शकतं. तिथे ‘ड्रॉप’ हवा. उलट, वस्तू विसरल्याची जागा सांगायची असेल तर ‘फर्गॉट’ नको, ‘लेफ्ट’ हवा: ‘आय लेफ्ट माय अंब्रेला ऑन द बस’. गोठण यांचं ‘छत्री राहिली’ डोक्यात ठेवलं की आपोआप बरोबर येतं.

इंग्रजीतून मराठीत येताना प्रत्येक लीव्हला ‘सोडा’ लावू नका. फॉर्मवरचं ‘लीव्ह ब्लँक’ म्हणजे रकाना कोरा ठेवा. पाककृतीतलं ‘लीव्ह ओव्हरनाइट’ म्हणजे रात्रभर तसंच राहू द्या, डाळ असेल तर भिजत ठेवा. ‘लीव्ह आउट’ वगळा. ‘लीव्ह अ मेसेज’ निरोप ठेवा. ‘लीव्ह ग्रुप’ गटातून बाहेर पडा. ‘लीव्ह इट’ जाऊ दे. ‘लीव्ह मी अलोन’ म्हणजे माझ्या वाटेला जाऊ नकोस. ‘लेट अलोन’ मात्र वेगळं, ते ‘तर दूरच’: ‘लिहिणं तर दूरच, वाचताही येत नाही’.

उच्चाराचंही सांगतो. लिव्ह (राहणं) आणि लीव्ह हे आपल्या तोंडी एकच होतात, कारण मराठीत अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ असतो: खीर, बहीण, जमीन. ‘लिव्ह’ त्याच साच्यात पडतो आणि ‘लीव्ह’ होतो. नुसता स्वर आखूड करून भागत नाही. आखूड इ म्हणताना जीभ थोडी खाली आणि सैल हवी, ए च्या दिशेनं किंचित झुकलेली. लीव्हमध्ये जीभ वर, ओठ ताणलेले. आणि लीफ व लीव्ह यांत स्वराच्या लांबीचाही फरक आहे. फ च्या आधी ई तुटक होते, व्ह च्या आधी लांबते. शेवटचा व्ह नीट ऐकू गेला नाही तरी लांबीवरून शब्द कळतो.

मधलीआळी

‘लेफ्ट’ भूतकाळात कसा झाला? आणि डावा तो लेफ्टही हाच का?

अक्षरवेल

नाही, डावा वेगळा. जुन्या इंग्रजीत ‘ल्युफ्ट’ म्हणजे दुबळा. जोर नसलेला हात तो लेफ्ट. मराठीत ‘डावा’ म्हणजे कमी प्रतीचा असा अर्थ आहेच.

क्रियापदाचा लेफ्ट नियमातून आला. भूतकाळाचं रूप ‘लॅव्ह्दे’. पुढे दोन व्यंजनं लागोपाठ आली की आधीचा लांब स्वर आखडतो, म्हणून कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट, फील-फेल्ट. त ला खेटून व्ह चा फ झाला, बिरीव्ह-बिरेफ्ट तसा.

रुजवात

शेजारच्या शब्दांवर थोडं.

‘क्विट’ लॅटिन ‘क्वीएतुस’ वरून, म्हणजे शांत, निवांत. फ्रेंचमध्ये अर्थ झाला देण्यातून मोकळा. हिशेब चुकता, आता संबंध नाही, म्हणून निघणं. आपलं फारकत असंच आहे. फारसी फारिगखती म्हणजे देणं फिटल्याचा, हक्क सोडल्याचा लेख, आणि त्यातून नवरा-बायकोची फारकत. भाडेकायद्यात ‘नोटीस टु क्विट’ म्हणजे जागा खाली करण्याची नोटीस. म्हणून ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँकवर ‘क्विट इंडिया’चा ठराव झाला तेव्हा शब्द अचूक होता. तो शब्दप्रयोग मुंबईचे तेव्हाचे महापौर युसुफ मेहेरअली यांचा मानतात. ‘लीव्ह इंडिया’ म्हटलं असतं तर नुसतं जाणं सांगितलं असतं. ‘क्विट’मध्ये तुमचा ताबा संपला, हे आहे. मराठीतलं ‘चले जाव’ त्या धारेचं आहे.

‘डिपार्ट’चा मूळ अर्थ वाटून वेगळं करणं. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात लग्नाच्या शपथेत ‘मृत्यू आपल्याला डिपार्ट करीपर्यंत’ अशा अर्थाचे शब्द होते. डिपार्टचा तो अर्थ मागे पडल्यावर १६६२ च्या आवृत्तीत ‘डू पार्ट’ केलं.

आणि ‘गो-वेंट’. वेंट हा ‘वेंड’ म्हणजे वळणं याचा भूतकाळ, गो नं तो उसना घेतला. जातो-गेला यांतही दोन धातू आहेत, या आणि गम्.

पायवाट

फारकत निघाली म्हणून राजीनामाही. राजी आणि रजा एकाच अरबी धातूचे, म्हणजे राजीनामा हे संमतिपत्र. मुंबई इलाख्याच्या महसूल व्यवहारात जमीन सोडणारा राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत. सोडायला मी राजी आहे, असा तो लेख. जमिनीवरून हा शब्द नोकरीवर आला. त्यामुळे मराठी कचेरीत चार दिवस जायचं तर रजा आणि कायमचं जायचं तर राजीनामा, दोन्ही एकाच संमतीतून आलेले.

गोठण

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक. इंग्रजी मृत्युलेखातलं ‘ही लीव्ह्ज (बिहाइंड) अ वाइफ अँड टू सन्स’ याचं ‘ते पत्नी व दोन मुलांना सोडून गेले’ असं मराठी अलीकडे दिसतं. ते बायको-मुलांना टाकून गेल्यासारखं वाचलं जातं. इथला लीव्ह जुन्या अर्थाचा आहे, मागे राहू देणं. जुन्या इंग्रजीत याच क्रियापदाचं नाम ‘लाफ’ म्हणजे उरलेलं ते, वारशाची वस्तू, आणि विधवासुद्धा. लॅटिनकडून आलेला ‘रेलिक्ट’ हाही इंग्रजीत विधवेसाठी वापरत, तो रिच् च्या घरचा. वर ज्या दोन घरांची फारकत अक्षरवेल यांनी करून दिली ती इथे एका अर्थावर भेटतात. मराठीत आपल्याकडे तयार शब्द आहे आणि तो मूळ अर्थाला चिकटून आहे: ‘त्यांच्या पश्चात पत्नी व दोन मुलगे असा परिवार आहे.’ मृत्युपत्राच्या मजकुरात मात्र ‘पश्चात’ पुरत नाही. तिथे ‘लीव्ह्ज टु’ला कोणती मिळकत, किती हिस्सा आणि कुणाच्या नावे, हे सगळं ‘ठेवीत आहे’ या क्रियापदानं लिहावं.